काहीच बदललं नाही, हे कशावरून?

मेघवाडी, जोगेश्वरी (पूर्व)

प्रिय छकुली,

तुझा पॅच वाचला. त्यावर आलेले तीन प्रश्नही वाचले. दादाच्या मते परदेशातल्या कुणीतरी तुझ्या कामात खोड काढली आणि तू रुसलीस. मला मात्र फोनवर राग कमी आणि गोंधळच जास्त ऐकू आला. "आत्या, मी नवीन काही केलेलंच नाही गं. नुसती साफसफाई. प्रोग्रॅम आधी जे करायचा तेच आताही करतो. मग एवढी उलटतपासणी कशाला?"

'आधी जे करायचा तेच आताही करतो' हा तुझा दावा आहे, छकुली. साफसफाईच्या पॅचमध्ये पाठवणाऱ्याचा तेवढा एकच दावा असतो आणि रिव्ह्यू करणाऱ्याचं सगळं काम तो दावा तपासण्याचं. नवं काही लिहिलं असतंस तर ते चालतंय हे चालवून दाखवता आलं असतं. काहीच बदललेलं नाही, हे चालवून दाखवता येत नाही. ते प्रत्येक वाटेनं जाऊन वाचून पाहावं लागतं. म्हणून अशा पॅचचा रिव्ह्यू मला नव्या कोडच्या रिव्ह्यूपेक्षा अवघड वाटतो, आणि हे फोनवर पटवण्यासारखं नाही. पत्र उघडं लिहितेय, कारण सांगलीच्या तुझ्या हॉस्टेलात आणि इथे आपल्या मेघवाडीतही पहिला पॅच पाठवणारी मुलं आहेत, आणि प्रत्येकाच्या घरात सीप्झमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी केलेली आत्या असेलच असं नाही.

दादाही हे वाचणार, म्हणून थोडं त्याच्यासाठी. पॅच म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल, त्यातल्या बदललेल्या ओळी दाखवतो तो डिफ, आणि बदल घेण्याआधीची तपासणी म्हणजे रिव्ह्यू. व्हर्च्युअलायझेशन म्हणजे एका खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात अनेक कॉम्प्युटर चालवायचे. आतल्या प्रत्येकाला वाटतं, ही डिस्क माझी, हे नेटवर्क कार्ड माझं. खरं तर ती उपकरणं एक प्रोग्रॅम वठवत असतो. बाहेरच्या यंत्राला होस्ट म्हणायचं, आतल्याला गेस्ट. गेस्टमध्ये कोण बसलंय हे होस्टच्या मालकाला ठाऊक नसतं. एकाच यंत्रावर शेजारी शेजारी एखादी बँक आणि एखादा भामटा भाड्यानं राहत असतील. दोघांमधली भिंत म्हणजे हा प्रोग्रॅम.

तुझा पॅच ज्यात आहे तो क्यूईएमयू हा असाच एक प्रोग्रॅम. तो फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरनं २००३ मध्ये लोकांसाठी खुला केला. (यूट्यूबपासून लग्नाच्या व्हिडिओपर्यंत जिथेतिथे वापरलं जाणारं एफएफएमपेगही त्यानंच सुरू केलेलं. काही माणसांकडे बघून आपण गप्प बसावं.) प्रोसेसरची खुद्द मदत घेऊन गेस्ट वेगानं चालवणारं केव्हीएम हे फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्स कर्नलच्या २.६.२० आवृत्तीत आलं. ते बनवणारी इस्रायली कंपनी क्युमरानेट पुढच्याच वर्षी रेड हॅटनं विकत घेतली. रेड हॅटचं कार्यालय पुण्यात आहे, आणि तिथल्या लोकांनी या कामात चांगलाच हात घातलेला आहे. क्यूईएमयूच्या मेंटेनरांच्या यादीत व्हर्टिओ-सीरियल या भागासमोर बरीच वर्षं अमित शाह हे नाव होतं. हसू नकोस, हे पुण्याच्या त्या ऑफिसातले इंजिनिअर. आपल्या लिंक रोडच्या दुसऱ्या टोकाला, पवईच्या आयआयटीत, पुरुषोत्तम कुलकर्णी आणि मैथिली वुटुकुरु हे प्राध्यापक व्हर्च्युअलायझेशन शिकवतात. २०१६ मध्ये ॲमेझॉननं आपला क्लाउड मुंबईत आणला. त्याच्या आजच्या नायट्रो हायपरवायझरचा, म्हणजे गेस्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, गाभाही केव्हीएमच आहे. आणि तुझ्या लॅपटॉपवर अँड्रॉइड स्टुडिओत जो खोटा फोन उघडतो तो क्यूईएमयूवरच उभा आहे. सांगायचं एवढंच, की तू जिथे झाडू मारलास ती जागा कोपऱ्यातली नाही.

आता तुझा पॅच. एका जुन्या उपकरणाची फाइल. त्यात मेमरी मागायला साधं मॅलॉक वापरलं होतं आणि खाली 'मिळाली नाही तर एरर देऊन परत जा' अशी तपासणी होती. तू मॅलॉक काढून जी-न्यू घातलंस, आणि जी-न्यू कधी रिकाम्या हातानं परतत नाही म्हणून ती तपासणीही उडवलीस. जाता जाता दोन स्पेलिंगं सुधारलीस. सगळं मिळून डिफ एका स्क्रीनवर मावतो.

जी-न्यू घालण्यात वावगं काही नाही, प्रकल्पाच्या नियमावलीतच तसं लिहिलेलं आहे. मॅलॉकला तू बाइटची संख्या देतेस, म्हणजे एका नगाचा आकार गुणिले नग. आकडा अवाढव्य असला तर गुणाकार फिरून लहान होतो, मेमरी कमी मिळते आणि लिहिणारा मर्यादेपलीकडे लिहीत सुटतो. जी-न्यू तो गुणाकार स्वतः करतं आणि उतू गेला तर थांबतं. शिवाय ते नेमक्या प्रकाराचा पॉइंटर देतं, त्यामुळे चुकीच्या जागी ठेवलास तर कंपायलर ओरडतो.

मग पहिला प्रश्न का आला? "या आकाराचा आकडा कुठून येतो?" एवढंच रिव्ह्यू करणाऱ्यानं विचारलं होतं, आणि तुला ते तिरकस वाटलं. पण जी-न्यू रिकाम्या हातानं परतत नाही, याचं कारण मेमरी मिळाली नाही तर ते सगळा प्रोग्रॅमच बंद पाडतं. आकार ठरलेला आणि लहान असेल, चारेक किलोबाइटचा, तर चालेल. तेवढीही मेमरी मिळत नसेल तर होस्ट तसाही मरणपंथाला लागलेला असतो. पण तो आकडा गेस्टनं एखाद्या रजिस्टरमध्ये लिहिलेला असेल तर? आधी गेस्टनं अचाट आकडा दिला की त्याला एरर मिळायची आणि गाडं पुढे चालायचं. तुझ्या पॅचनंतर तोच आकडा देऊन तो आख्खं व्हर्च्युअल मशीन पाडू शकतो. अशा जागी जी-ट्राय-न्यू वापरायचं आणि तपासणी राहू द्यायची. म्हणजे तू उडवलेल्या त्या दोन ओळी मेलेल्या आहेत की राखणीला बसलेल्या, हे त्या ओळींकडे बघून कळत नाही. त्यासाठी आकड्याचा माग काढत चार फंक्शनं मागे जावं लागतं. डिफमध्ये ती चार फंक्शनं दिसत नाहीत. रिव्ह्यू करणारा तिथे जाऊन आला होता का, ते मला सांगता येणार नाही. पण कुठे जायचं हे त्याला माहीत होतं.

आपल्याकडे चाळीतला माळा काढायला गवंडी बोलावला की तो घण उचलायच्या आधी वर जाऊन कुणाचं काय या तुळईवर टेकलंय ते बघून येतो. तो वेळकाढूपणा करतोय असं आपण म्हणत नाही.

दुसरा प्रश्न स्पेलिंगचा. कॉमेंटमधलं तू सुधारलंस, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. दुसरं होतं उपकरणाच्या व्हीएमस्टेटच्या नावात, अवतरणचिन्हांच्या आत. चूक ढळढळीत आहे, मलाही वाचताना खुपली. पण ते नाव माणसांनी वाचण्यासाठी नाही. चालू गेस्ट बंद न करता एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवतात, त्याला लाइव्ह मायग्रेशन म्हणतात हे तुला माहीत आहे. तेव्हा प्रत्येक उपकरणाची अवस्था त्या नावाची चिठ्ठी लावून पलीकडे जाते. जुन्या आवृत्तीचा होस्ट चुकीच्या स्पेलिंगची चिठ्ठी पाठवणार, तुझी नवी आवृत्ती ती ओळखणार नाही, आणि मायग्रेशन तिथेच फसणार. तुझ्या लॅपटॉपवर बिल्ड झालं, टेस्ट हिरव्या आल्या, कारण दोन्ही टोकांना तूच होतीस. हे फुटलं असतं ते काही महिन्यांनी, कुठल्या तरी डेटा सेंटरात, रात्री यंत्रं बदलताना.

चुकलेलं स्पेलिंग एकदा करारात शिरलं की ते करारच होतं. वेबवर कुठल्या पानावरून आलात हे सांगणारं 'रेफरर' नावाचं शीर्षक १९९६ च्या एचटीटीपीच्या कागदपत्रातच एक 'आर' गाळून छापलं गेलं, ते आजवर तसंच चालू आहे. क्यूईएमयूमध्ये वापरणाऱ्याला दिसणारी एखादी गोष्ट काढायची किंवा बदलायची तर आधी ती 'जाणार आहे' असं जाहीर करतात आणि दोन आवृत्त्या थांबतात. वर्षाला तीन आवृत्त्या, तेव्हा थांबणं फार लांबलचक नाही, पण थांबायचं.

तिसरा प्रश्न खरं तर सूचना होती: पॅचचे तुकडे कर. हे नवशिक्यांना सगळ्यात जास्त टोचतं, म्हणून थोडक्यात. बग सापडला की तो कुठल्या कमिटनं आणला हे शोधायला गिटमधलं बायसेक्ट वापरतात. मधला कमिट तपास, अर्धी रांग टाकून दे, पुन्हा मधला. हजार कमिटांतून दहाएक तपासण्यांत गुन्हेगार हाती लागतो. हाती लागलेल्या कमिटमध्ये मेमरी, तपासणी आणि स्पेलिंग असं तिन्ही भरलेलं असेल तर शोध लागूनही लागत नाही, आणि मागे घ्यायचं तर चांगलंही मागे जातं.

तुला वाटेल आत्या त्या लोकांची बाजू घेतेय. घेतेच आहे. आम्ही सीप्झमध्ये १९९८-९९ ला वायटूकेचं काम करत होतो. दोन अंकी साल चार अंकी करायचं, यापेक्षा किरकोळ बदल कुठला? पण त्या काळातलं लीप वर्षाचं प्रकरण बघ. ज्या अडाणी कोडमध्ये 'चारनं भाग जातो का' एवढंच होतं, तो २००० साली बरोबर ठरत होता. कुणीतरी शहाण्यानं त्यात शंभराचा नियम घालून सुधारलेला, पण चारशेचा नियम विसरलेला कोड चुकत होता, कारण २००० हे लीप वर्षच होतं. म्हणून आमच्याकडे बदलणारा एक आणि ओळीवर बोट ठेवून 'का?' विचारणारा दुसरा, असा शिरस्ता होता. कंटाळवाणं काम. त्या कंटाळ्याचाच पगार मिळायचा.

पण या सगळ्याहून मोठी गोष्ट डेबियन या लिनक्स वितरणाची. तुमच्या डब्ल्यूलग या लिनक्स गटातल्या मुलांना विचार, कुणाला तरी माहीत असेल. २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या पॅकेजमधून दोन ओळी काढल्या गेल्या. मेमरीतल्या चुका शोधणारी हत्यारं, व्हॅलग्राइंड आणि प्युरिफाय, त्या ओळींवर बोट ठेवत होती: कुणी काही न भरलेली मेमरी इथे वापरली जातेय. ओळी दोन वेगवेगळ्या फंक्शनांत होत्या आणि दिसायला जुळ्या. काढणाऱ्यानं गुपचूप काढल्या नाहीत हो, आधी ओपनएसएसएलच्या लोकांना विचारलं, आणि तिकडूनही 'डीबगिंगला मदत होणार असेल तर काढा' अशा अर्थाचंच उत्तर आलं. त्यातली एक ओळ खरंच गेली तरी चालणारी होती. दुसरी मात्र यादृच्छिक आकड्यांच्या भांड्यात सगळी यादृच्छिकता ओतणारी होती. ती गेल्यावर भांड्यात उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे ३२,७६८ शक्यता. डेबियन आणि त्यावरून बनलेल्या उबंटूवर तेव्हापासून तयार झालेल्या एसएसएचच्या किल्ल्या कुणीही घरबसल्या मोजून काढाव्यात इतक्या थोड्या उरल्या. मे २००८ मध्ये ते जाहीर झालं. जवळजवळ दोन वर्षं प्रोग्रॅम मजेत चालत होता. किल्ल्या बनत होत्या, कुलपं उघडत होती, कुठलीच टेस्ट पडत नव्हती.

मला यात काढणाऱ्या माणसाचा दोष फार मोठा वाटत नाही. त्यानं विचारलं होतं. ज्यांना विचारलं त्यांनी दोन्ही ओळी आपापल्या फंक्शनात काय करतात हे वाचलं असतं, तर ते तिथेच थांबलं असतं. 'काढा' म्हणायला एक मिनिट लागतं. माझ्या मते ही गोष्ट रिव्ह्यूची आहे, पॅचची नाही.

यावरून कुणी म्हणेल, मग जुन्या कोडला हातच नको. तेही नाही. मे २०१५ मध्ये व्हेनम नावानं गाजलेली चूक जाहीर झाली ती क्यूईएमयूच्या फ्लॉपी ड्राइव्हच्या कोडमध्ये. फ्लॉपी! तू ती हातात तरी धरली आहेस का? तो कोड २००४ पासून तिथे होता. ५१२ बाइटच्या बफरमध्ये गेस्ट मर्यादेबाहेर लिहू शकत होता, आणि तिथून भिंत फोडून होस्टवर येण्याची शक्यता होती. झेन आणि व्हर्च्युअलबॉक्स या तशाच दुसऱ्या प्रोग्रॅममध्येही क्यूईएमयूचाच हा कोड गेलेला, म्हणून तेही अडकले. फ्लॉपी नको म्हणून बंद केली तरी काही ठिकाणी दुसऱ्याच एका चुकीमुळे तो भाग जागाच राहायचा. अकरा वर्षं ती चूक कुणाच्या नजरेला आली नव्हती. तेव्हा तू जुन्या उपकरणाची फाइल उघडलीस हे मला मनापासून आवडलं आहे.

एक कडू गोष्टही ऐक. तुझ्यावर संशय घेतल्यासारखं तुला वाटलं ना? थोडा संशय असतोच, आणि असावा. मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी लिनक्स कर्नलमध्ये, खोट्या नावांनी, सुधारणेसारखे दिसणारे पण आत खोट असलेले छोटे पॅच पाठवून पाहिल्याचं उघड झालं. त्यांना बघायचं होतं, रिव्ह्यूतून असं निसटतं का. २०२१ मध्ये कर्नलचे मेंटेनर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या आख्ख्या विद्यापीठाचे पॅच घेणं बंद केलं, आणि तिथून पूर्वी आलेले चारशेहून जास्त कमिट लोकांना पुन्हा वाचावे लागले. त्यातले बहुतेक चांगलेच निघाले. तो वाया गेलेला वेळ कुणाचा? ज्यांच्या रांगेत तुझा पॅच उभा आहे तशाच लोकांचा.

आणि माझंही मत सांगून टाकते: साफसफाईचे सगळे पॅच चांगले नसतात. जिथे तिथे कंस आणि मोकळ्या जागा हलवून नावावर कमिट जमवणारी मंडळी मला आवडत नाहीत. त्यांच्यामुळे गिट ब्लेममध्ये खरा लिहिणारा झाकला जातो, आणि जुन्या आवृत्तीत सुरक्षेची दुरुस्ती न्यायची वेळ आली की ती चिकटत नाही. तुझा पॅच त्यातला नाही, पण त्यातला नाही हे कमिट मेसेजनं सांगायला हवं होतं. तू काय केलंस ते लिहिलंस, ते तर डिफमध्ये दिसतंच. का केलंस, आणि ते सुरक्षित का आहे, ते लिहायचं.

शेवटी ते 'साइन्ड-ऑफ-बाय'. तू ती ओळ कमांडनं आपोआप उमटवतेस, म्हणून तिला शिक्का समजतेस. लिनक्समध्ये ती २००४ मध्ये आली, एससीओ कंपनीनं कोडच्या मालकीवरून कज्जे मांडले होते त्या दिवसांत. 'हा कोड द्यायचा मला हक्क आहे' असं तू तिथे लिहून देतेस. म्हणूनच २०२५ मध्ये क्यूईएमयूनं एआयनं लिहिलेला कोड घ्यायचा नाही असं ठरवलं: तो कुठून आला हे पाठवणाऱ्यालाच सांगता येत नसेल तर सही कशाच्या जोरावर करणार? तुमच्या हॉस्टेलात हे कुणाला आवडणार नाही. मला पटतं. 'रिव्ह्यूड-बाय' तर त्याहून वजनदार आहे, कारण ती दुसऱ्याच्या कामाखाली केलेली सही असते, आणि पुढे काही फुटलं तर लोक तुझं नाव वाचून तुला विचारणार.

तर आता काम. जी-न्यूचा पॅच वेगळा कर, आणि आकडा कुठून येतो ते फंक्शनांच्या नावांसकट मेसेजमध्ये लिही. गेस्टकडून येत असेल तर जी-ट्राय-न्यू घाल आणि तपासणी परत आण. कॉमेंटमधल्या स्पेलिंगचा दुसरा पॅच कर, तो किरकोळ पॅचच्या रांगेतून लवकर जाईल. व्हीएमस्टेटचं नाव चुकीचं आहे तसंच राहू दे. फार तर वर एक कॉमेंट घाल, की हे मुद्दाम ठेवलंय, म्हणजे तुझ्यामागून येणारा त्याच खड्ड्यात पडणार नाही. व्ही-वन आणि व्ही-टूमधला फरक तीन रेघांच्या खाली लिही, तो कायमच्या इतिहासात जायला नको. ज्यानं प्रश्न विचारले त्याला प्रत्येक प्रश्नाखाली उत्तर दे. आभार एका ओळीत पुरे.

मग त्या रांगेतला दुसऱ्या कुणाचा साफसफाईचा पॅच उचल आणि वाच. पॅच लिहिणारे पुष्कळ आहेत, वाचणारे नेहमीच कमी पडतात. मोठ्या प्रकल्पांची खरी अडचण तिथे आहे. सही करायची घाई नको. आकडा कुठून येतो, हे नाव बाहेर कुठे जातं, ही ओळ दुसरं कोण वापरतं, एवढं विचार. उत्तर माहीत नसताना विचारलेला प्रश्नही चालतो. व्ही-टू पाठवायच्या आधी मात्र मला दाखव, रविवारी सकाळी मी मोकळी आहे.

तुझी,
आत्या